ग्रंथपालालाही राउंडला न्या

९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रात एकाच दिवशी दहा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. मुंबई, नाशिक आणि अंबरनाथ वगळता बाकीची जालना, अमरावती, बुलढाणा, वाशिम, भंडारा, हिंगोली आणि गडचिरोली इथली. त्याआधीच्या काही वर्षांत सिंधुदुर्ग, अलिबाग, सातारा, नंदुरबार, धाराशिव, परभणी इथे महाविद्यालये निघाली होती. प्राध्यापक कुठून आणणार, खाटा पुरणार का, वसतिगृहांचे काय, यावर वर्तमानपत्रांतून बरेच लिहून आले आणि ते यायलाच हवे होते. पण यातल्या प्रत्येक ठिकाणी एक ग्रंथालयही लागणार आहे. तिथे एम.लिब. (ग्रंथालयशास्त्रातली पदव्युत्तर पदवी) झालेला कुणी तरुण किंवा तरुणी ग्रंथपाल म्हणून रुजू होणार आहे. त्या माणसाला पहिल्या वर्षी कोणते काम देणार, याची चर्चा मात्र मला कुठे आढळली नाही. माझ्या दृष्टीने तो रुग्णांच्या हिताशी जोडलेला प्रश्न आहे.

वैद्यकीय ग्रंथालयात मी बरीच वर्षे काढली आहेत. नवा ग्रंथपाल आला की काय होते, ते जवळून पाहिले आहे. रुजू झाल्याबरोबर त्याच्यापुढे दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असलेली वही, येते. मग स्टॉक व्हेरिफिकेशन, हरवलेल्या पुस्तकांची वसुली, नियतकालिकांची थकलेली बिले, इंटर्नशिप संपवून निघालेल्यांचे नो ड्यूज. इन्स्पेक्शन जवळ आले की रात्री उशिरापर्यंत थांबून पुस्तकांवर शिक्के मारायचे, विभागीय ग्रंथालयांच्या याद्या जुळवायच्या, रीडिंग हॉलमधल्या खुर्च्या मोजायच्या. महाविद्यालयाची तपासणी करणारे असेसर येतात, प्रवेशसंख्येच्या मानाने पुस्तके आणि बसायच्या जागा आहेत का ते बघतात आणि जातात. यातले कुठलेही काम हलके नाही. ज्या ग्रंथालयाची दाखल नोंदवही चोख नाही, त्याचा पुढे बोजवारा उडतो. पण सुरुवातीची दोन-तीन वर्षे हेच करण्यात गेली की आपले काम एवढेच, असे त्या माणसाला स्वतःलाही वाटू लागते. समोरच्या इमारतीत वॉर्ड आहेत, तिथे रोज नवे प्रश्न उभे राहतात आणि त्यांची उत्तरे शोधण्याचे शिक्षण आपण घेतले आहे, याचा त्याला विसर पडतो. वॉर्डातल्यांना तर ते कधी माहीतच नसते.

म्हणून माझी मागणी अशी की, नव्या वैद्यकीय ग्रंथपालाचे पहिले वर्ष रॅकइतकेच वॉर्डात आणि विभागांत जावे. त्याने राउंडला, म्हणजे डॉक्टरांच्या वॉर्डातल्या फेरीला, जावे, नव्या लेखांवर चर्चा होते त्या जर्नल क्लबला बसावे, मृत्यूंच्या आढावा बैठकीत मागच्या खुर्चीवर का होईना, हजर असावे. आणि ही त्याची हौस म्हणून नको, त्याच्या नेमणुकीच्या अटींत लिहिलेली असावी.

साहित्यशोध अपुरा राहिला की काय होऊ शकते, याचे एक उदाहरण प्रत्येक वैद्यकीय ग्रंथपालाला माहीत असायला हवे. २००१ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्याविषयी एक अभ्यास चालू होता. त्यात निरोगी स्वयंसेवकांना हेक्झामेथोनियम हे औषध श्वासावाटे द्यायचे होते. तिथेच नोकरीला असलेली २४ वर्षांची एक धडधाकट तरुणी त्यात सहभागी झाली. औषध घेतल्यावर तिला खोकला आणि धाप सुरू झाली, फुप्फुसे निकामी होत गेली आणि जेमतेम महिन्याभरात ती गेली. चौकशीत पुढे आले की, या औषधाचे फुप्फुसांवर दुष्परिणाम होतात अशा नोंदी १९५० च्या दशकातल्या वैद्यकीय नियतकालिकांत छापलेल्या होत्या. संशोधकाने पबमेड ही वैद्यकीय लेखांची ऑनलाइन सूची पाहिली होती. पण पबमेड त्या वेळी साधारण १९६६ पर्यंतच मागे जात होते. त्याआधीचे सगळे छापील सूचींमध्ये होते. त्या जुलैमध्ये केंद्रीय यंत्रणेने जॉन्स हॉपकिन्समधले सरकारी निधीवरचे जवळजवळ सगळे मानवी प्रयोग थांबवले. जगातल्या उत्तम वैद्यकीय ग्रंथालयांपैकी एक त्याच आवारात होते. छापील सूची कुठे असतात आणि त्या कशा बघायच्या, हे ठाऊक असलेली माणसे तिथे कामावर होती. कमतरता ग्रंथांची नव्हती, संशोधक आणि ग्रंथपाल यांची वेळेवर गाठ पडण्याची होती.

हे अमेरिकेतले झाले. आता आपल्या मातीतली गोष्ट घेऊ. मेडिसीनची एक जेआर-वन (पदव्युत्तर पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर) सिनॉप्सिसचा, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्याचा, कच्चा मसुदा घेऊन ग्रंथालयात आली. विषय होता लाल विंचवाचा दंश. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचे काम तिला माहीत होते. कोकणातल्या खेड्यापाड्यांतून विंचू चावल्याने फुप्फुसात पाणी होऊन माणसे दगावत होती, तेव्हा प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरून हे मृत्यू टाळता येतात हे त्यांनी दाखवले आणि ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. प्राझोसिनच्या जोडीला विंचवाच्या विषावरचे प्रतिविष दिल्यास काय फरक पडतो, यावरची त्यांची चाचणी २०११ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आली. एवढे सगळे तिच्या मसुद्यात होते. मात्र ऐंशीच्या दशकातले प्रायोगिक काम त्यात जवळपास नव्हतेच. कारण तिने विंचवाचे एकच शास्त्रीय नाव टाकून शोध घेतला होता, मेसोब्युथस टॅम्युलस. याच विंचवाला जुन्या लेखांत ब्युथस टॅम्युलस म्हटलेले असते आणि अलीकडच्या लेखांत हॉटेनटोटा टॅम्युलस. प्राणी एक, नावे तीन. शिवाय आपल्याकडचे डॉक्टर सर्रास स्कॉर्पिअन बाइट लिहितात, पबमेडच्या विषयसूचीत नोंद असते स्कॉर्पिअन स्टिंग्ज अशी, आणि बरेच लेखक एन्व्हेनमेशन (विषबाधा) हा शब्द पसंत करतात.

आम्ही ही सगळी नावे आणि शब्द ‘किंवा’ने जोडले, त्याला उपचारांची नावे ‘आणि’ने जोडली, वर्षांची मर्यादा काढून टाकली आणि शोध पुन्हा चालवला. लाल विंचवाच्या विषाचे परिणाम इन्सुलिनने आणि अल्फा ब्लॉकरने उलटवता येतात का, यावर भारतातच प्राण्यांवर झालेले प्रयोग त्यात वर आले. त्यांच्या शीर्षकात नाव होते ब्युथस टॅम्युलस. ते वाचल्यावर तिने आपल्या प्रबंधाचा प्रश्नच बदलला, कारण जे आपण नव्याने विचारतो आहोत असे तिला वाटत होते, त्यातले निम्मे आधी कुणीतरी विचारून झाले होते. या कामाला दुपारचा थोडा वेळ लागला. ती सिनॉप्सिस मंजूर झाल्यानंतर आली असती, तर तीन वर्षे त्याच प्रश्नात अडकली असती. असे कितीतरी प्रबंध दर वर्षी बांधून ग्रंथालयाच्या कपाटात येतात. त्यांचे कणे रंगवून ते मांडणारा ग्रंथपाल त्यांच्या जन्माच्या वेळी कुठेच नसतो, याचे मला खरोखर वाईट वाटते. एथिक्स कमिटीकडे जाणाऱ्या प्रत्येक सिनॉप्सिससोबत ग्रंथपालाने तपासलेला साहित्यशोध, कोणते शब्द वापरले, कुठे शोधले, किती मागे गेलो या तपशिलासह जोडलेला असावा. याला नवा पैसा लागत नाही. विद्यापीठाच्या एका परिपत्रकाने हे होऊ शकते.

ग्रंथपाल राउंडला जाण्याची कल्पना माझी नाही आणि नवीही नाही. अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटीतल्या वैद्यकीय शाळेत गर्ट्रूड लॅम्ब यांनी १९७१ साली ग्रंथपालांना डॉक्टरांच्या पथकाबरोबर वॉर्डात पाठवायला सुरुवात केली. राउंडमध्ये प्रश्न निघाला की ग्रंथपाल तो टिपून घेई आणि त्यावरचे लेख पथकाला आणून देई. याचा उपयोग होतो का, हेही लोकांनी तपासले आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर परिसरातल्या १५ रुग्णालयांत झालेला जोन मार्शल यांचा अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टरांनी हाती असलेल्या रुग्णाबद्दलचा प्रश्न ग्रंथालयाला विचारायचा आणि मिळालेल्या माहितीने काय फरक पडला ते कळवायचे, अशी त्याची पद्धत होती. २०८ डॉक्टरांनी उत्तरे दिली. सुमारे ८० टक्क्यांनी सांगितले की, या माहितीमुळे आपण काहीतरी नक्की किंवा बहुधा वेगळे केले. ४५ टक्क्यांनी औषधाची निवड बदलल्याचे सांगितले, ५१ टक्क्यांनी तपासण्यांची. हे डॉक्टरांनी स्वतःच दिलेले उत्तर आहे आणि ती रुग्णालये आपल्यापेक्षा फार वेगळी आहेत, हे मला मान्य आहे. तरीही यातले निम्मेच खरे धरले, तरी कोणत्याही अधिष्ठात्याने आपल्या ग्रंथपालाला उद्याच वॉर्डात पाठवावे इतके ते मोठे आहे.

यावर घेतले जाणारे आक्षेप मी कॉलेज कौन्सिलमध्येही ऐकले आहेत आणि कँटीनमध्येही. पहिला असतो, मोबाइल आहे, गुगल आहे, डॉक्टर स्वतःच बघतो. बघतो, हे खरे. पण सलग ड्यूटी करून आलेला रेसिडेंट पहिल्या पानावर दिसलेले पहिले दोन लेख उघडतो आणि त्यांचाही सारांशच वाचतो. पबमेडमध्ये आज साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. १९९७ साली ते सर्वांना मोफत खुले झाले तेव्हा आता ग्रंथपाल कशाला, असे विचारले गेले होते. नोंदी वाढल्या तसे नेमके हवे ते गाठणे अधिक अवघड झाले.

गेल्या दोन-तीन वर्षांत यात आणखी एक भर पडली आहे. चॅटजीपीटीसारख्या साधनांनी लिहून दिलेल्या संदर्भसूच्या घेऊन विद्यार्थी येतात. लेखकाचे नाव ओळखीचे, नियतकालिक खरे, वर्ष पटण्यासारखे, आणि असा लेख अस्तित्वातच नसतो. पीएमआयडी, म्हणजे लेखाचा पबमेडमधला क्रमांक, टाकून पाहिला तर भलत्याच विषयाचा लेख उघडतो. विद्यार्थ्याने मुद्दाम फसवलेले नसते, तो स्वतः फसलेला असतो. हे पकडायला शल्यचिकित्सेचे ज्ञान लागत नाही. प्रत्येक संदर्भ मुळाशी जाऊन पाहण्याची सवय लागते, आणि ती आमच्या पेशात पहिल्या सत्रापासून लावली जाते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ग्रंथपाल डॉक्टर नाही, त्याने रुग्णाच्या खाटेजवळ काय करायचे? याचे उत्तर प्रत्येक नव्या ग्रंथपालाने मनात पक्के ठेवावे. उपचार सुचवणे हे आपले काम नाही. ‘सर, हे औषध द्या’ असे वाक्य आपल्या तोंडून कधीही येता कामा नये. आपण सांगायचे ते एवढे की, तुमच्या प्रश्नावर इतके लेख मिळाले, त्यात चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचण्या इतक्या, बाकीचे एकेका रुग्णाचे अहवाल, आणि अमुक एक लेख मागे घेतला गेला आहे तेव्हा तो धरू नका. निर्णय डॉक्टरांचा. वॉर्डात जे ऐकले ते वॉर्डातच राहिले पाहिजे. रुग्णाचे नाव, केसपेपरचा नंबर, काहीही आपल्या वहीत उतरवायचे नाही, उतरवायचा तो फक्त प्रश्न. या शिस्तीचे लेखी नियम हवेत आणि ते मोडणाऱ्यावर कारवाईही व्हावी.

आणि तिसरा, जो मला सर्वांत खरा वाटतो: माणसेच नाहीत. ग्रंथपाल राउंडला गेला तर देवघेवीच्या काउंटरवर कोण बसणार? मोठ्या महाविद्यालयांतही मंजूर पदे रिकामी राहतात, कंत्राटी माणूस अकरा महिन्यांनी बदलतो आणि ग्रंथालय परिचराला ऐन परीक्षेच्या हंगामात दुसऱ्या कार्यालयात पाठवले जाते. वॉर्डात ओळख निर्माण व्हायला वेळ लागतो. युनिटचे प्रमुख पहिल्यांदा तुमच्याकडे बघतही नाहीत, काही महिन्यांनी एखादा प्रश्न टाकतात, त्याचे उत्तर वेळेवर मिळाले की मग तुमची वाट बघू लागतात. दर वर्षी नवा माणूस आला तर हे कधीच घडणार नाही. म्हणून ही पदे कायमस्वरूपी भरली पाहिजेत. देवघेव, शिक्के, नोंदी ही कामे कोहासारख्या मोफत संगणक प्रणालीवर आणि प्रशिक्षित साहाय्यकांवर सोपवता येतात. वॉर्डात एम.लिब. झालेलाच माणूस हवा.

पैशाचा मुद्दा काढणाऱ्यांनी एक आकडा लक्षात घ्यावा. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, जवळपास १३,००० ई-नियतकालिके, ६,३०० हून अधिक सरकारी संस्था. १ जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली. हिंगोलीच्या रेसिडेंटला आणि मुंबईच्या रेसिडेंटला एकच नियतकालिक एकाच वेळी उघडता येणे ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिचे श्रेय दिलेच पाहिजे. खासगी महाविद्यालये सध्या या योजनेबाहेर आहेत, ती आत कशी येतील हे पाहावे लागेल. पण सरकारी महाविद्यालयांत तरी पैसे भरून झाले आहेत, दार उघडले आहे. आपल्या वसतिगृहातल्या खोलीतून लॉगिन कसे करायचे हे तिथल्या विद्यार्थ्याला कुणी दाखवले? संस्थेची नोंदणी नीट झाली आहे का, कुठला प्रकाशक उघडत नाही, तक्रार कुणाकडे करायची, हे बघणारा माणूस प्रत्येक ठिकाणी आहे का? हजारो कोटींची नियतकालिके घ्यायची आणि ती वाचकापर्यंत पोचवणाऱ्याचा पगार वाचवायचा, हा हिशेब मला पटत नाही.

दोष शिकवणाऱ्यांचाही आहे. आपल्या विद्यापीठांतले ग्रंथालयशास्त्राचे विभाग वर्गीकरण, तालिकीकरण, व्यवस्थापन चांगले शिकवतात. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांची पाच सूत्रे पाठ असल्याशिवाय तिथून कुणी बाहेर पडत नाही. वाचकाचा वेळ वाचवा, हे त्यातले चौथे सूत्र आयसीयूबाहेर उभ्या डॉक्टरइतके कुणालाच लागू पडत नसेल. पण विषयसूचीतला शब्द कसा निवडायचा, डॉक्टरच्या घाईत विचारलेल्या प्रश्नातून रुग्ण कोण, उपचार कोणता, तुलना कशाशी आणि अपेक्षित परिणाम काय हे वेगळे कसे काढायचे, चाचणी आणि निरीक्षण यांत फरक काय, हे नवा माणूस नोकरीवर आल्यावर चाचपडत शिकतो. शिकवायला कुणी नसेल तर शिकतही नाही. नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून राज्यभरातल्या आरोग्य शिक्षणाचा कारभार पाहते. नव्या वैद्यकीय ग्रंथपालांसाठी काही महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम त्याने सुरू करावा आणि त्यातला मोठा भाग एखाद्या जुन्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात प्रत्यक्ष कामाचा ठेवावा. मुंबईचे ग्रँट मेडिकल १८४५ चे, जी.एस. आणि केईएम १९२६ चे, पुण्यात बी.जे. आहे, नागपुरात जीएमसी आहे. वाशिमच्या किंवा गडचिरोलीच्या नव्या ग्रंथपालाने पहिले काही महिने तिथे काढले, तर पुढची कित्येक वर्षे अडचण आल्यावर फोन करायला त्याच्याकडे हक्काचा माणूस राहील. एकट्याने काम करणाऱ्या ग्रंथपालाला याचे मोल विचारा.

रुग्णांचाही थोडा विचार करायला हवा. आपल्याकडे डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत असते, नातेवाईक ते घेऊन औषधाच्या दुकानदाराला विचारतात आणि उरलेले व्हॉट्सअॅपवरून शिकतात. मुंबईत डॉ. अनिरुद्ध मालपाणी यांनी १९९७ मध्ये ‘हेल्प’ हे खास रुग्णांसाठीचे मोफत ग्रंथालय सुरू केले होते. सरकारी रुग्णालयांनी तो धडा घेतला नाही. ओपीडीच्या आवारात समाजसेवा अधीक्षकांच्या खोलीशेजारी एक टेबल, तिथे मधुमेह, क्षयरोग, डायलिसिस, सर्पदंश यांवरची डॉक्टरांनी तपासलेली मराठी पत्रके, आणि आठवड्यातून काही तास तिथे बसणारा ग्रंथपाल, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. गडचिरोलीत ती पत्रके गोंडीतही लागतील. रुग्णाला सल्ला द्यायचा नाही, हा नियम इथेही तितकाच कडक.

राहता राहिले इन्स्पेक्शन. महाविद्यालये जे मोजले जाते तेच करतात, म्हणून मोजण्याची पद्धत बदलावी लागेल. ग्रंथालयाने वर्षभरात विभागांचे कोणते प्रश्न हाताळले, किती सिनॉप्सिसचे शोध तपासले, याची नोंदवही असेसरने मागावी. अर्थात नोंदवही आदल्या रात्रीही भरता येते, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून असेसरने वॉर्डात जाऊन समोर दिसेल त्या जेआरला विचारावे, तुमच्या ग्रंथपालाचे नाव काय, आणि गेल्या वेळी तुम्ही त्याला काय विचारले होते.

जे या वर्षी रुजू होत आहेत, त्यांनी हे सगळे होईपर्यंत थांबू नये. दाखल नोंदवही समजून घ्यावी, ती टाळू नये. पण पहिल्याच आठवड्यात मेडिसीनच्या किंवा बालरोगाच्या विभागप्रमुखांना भेटून तुमचा जर्नल क्लब कोणत्या दिवशी असतो ते विचारावे आणि मागे बसण्याची परवानगी मागावी. पहिल्या काही बैठकांत निम्मे शब्द कळणार नाहीत. ते लिहून आणावेत आणि संध्याकाळी विषयसूचीत शोधावेत. पुढच्या बैठकीला जाताना गेल्या वेळी अर्धवट राहिलेल्या एका प्रश्नावरचे दोन-तीन चांगले लेख सोबत न्यावेत, कुणी मागितले नसले तरी.